घरचा जमाखर्च : बापाच्या नांवची भाडेपावती

या सदरांत आजवर मीं दुसऱ्यांच्या घरच्या हिशेबांविषयीं पुष्कळ लिहिलें. परक्याच्या वहींतील चूक दाखवितांना लेखणी मोठ्या उत्साहानें चालते. आजचा हिशेब मात्र आमच्याच घरचा आहे, आणि ज्या कागदावर चूक झाली तो कागद माझ्याच हस्ताक्षरांतला असल्यामुळें आज ती तितक्या उत्साहानें चालेल असें वाटत नाहीं. तरीही लिहितों, कारण हाच प्रकार थोड्याफार फरकानें अनेक सुशिक्षित घरांत चालतो, आणि ज्यांच्या हातून तो होतो त्यांस आपण कांहीं वावगें केलें असें बहुधा वाटतही नाहीं.

करमाड हें आमचें गांव. औरंगाबादेहून, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगराहून, जालन्याकडे जाणाऱ्या सडकेवर तें लागतें. रेल्वेचें स्टेशनही आहे. आमच्या लहानपणीं तें ज्वारी-कपाशीचें गांव होतें, आणि शिकलेल्या मुलानें पुण्या-मुंबईची वाट धरावी हें ठरलेलेंच असे. पुढें शेंद्र्याची औद्योगिक वसाहत झाली, तेथें २००१ सालीं स्कोडा मोटारींचा कारखाना आला. मागाहून दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यांतील ऑरिक हें नवें नगर आंखलें गेलें व ७ सप्टेंबर २०१९ रोजीं तेथील ऑरिक हॉलचें उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्तें झालें. परिणाम असा झाला कीं, शिकलेला मुलगा पुनः घरांतच राहूं लागला. सकाळीं कारखान्याची बस सडकेवर येते, संध्याकाळीं तो घरच्या ताटावर असतो. ही गोष्ट सुखाची खरी. परंतु आजच्या प्रश्नाचें मूळही तिच्यांतच आहे. कारण मुलाच्या वेतनांत घरभाडें भत्ता येतो, आणि मुलगा तर पणजोबांनीं बांधलेल्या माळवदाच्या घरांत राहतो.

माझा पुतण्या असाच एक. २०२३ च्या जानेवारींत, कारखान्याच्या कचेरींतून वर्षअखेरचे पुरावे मागविण्याचा हंगाम असतो त्या वेळीं, तो माझ्याकडे आला व म्हणाला, "काका, तुमचें अक्षर वळणदार आहे. बाबांच्या नांवानें भाडेपावत्या लिहून द्या. कचेरींत सगळेच देतात." मीं विचारलें, "भाडें किती लिहूं?" तो म्हणाला, "पंधरा हजार लिहा." करमाडांत त्या भाड्यास आमच्यासारखें ढेळजेचें जुनें घर घेणारा कोण भेटणार, असा विचार माझ्या मनांत आला, नाहीं असें नाहीं. पण "सगळेच देतात" हे शब्द मोठे सोयीचे असतात. मीं पावत्या लिहिल्या, प्रत्येकीवर एक रुपयाचें रसीद तिकीट चिकटविलें, आणि दादांनीं वर्तमानपत्र वाचतां वाचतां त्यांवर सह्या केल्या. वहिनी तेवढ्या ओसरीवरून म्हणाल्या, "पोटच्या पोराकडून भाडें घेतों असें लिहून देतां? उद्यां जेवणाचें बिलही लावा." आम्ही तिघेही हंसलों. त्यांचें बोलणें आम्हीं विनोदांत काढलें. घरांत त्या वेळीं हिशेब समजणारें माणूस काय तें तेवढें एकच होतें, हें आतां कबूल करावयास हवें.

एक दमडीही एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली नव्हती.

कायदा काय आहे तें आतां सांगतों. भारतांत प्राप्तीवरील कर प्रथम १८६० सालीं आला. आमच्या मराठवाड्यास भारताचा आयकर कायदा लागू झाला तो निजामी राजवट संपल्यावर, १ एप्रिल १९५० पासून. घरभाडें भत्त्याची सवलत त्यामानानें अलीकडची. १९६१ च्या कायद्याच्या दहाव्या कलमांत १३-अ हें पोटकलम १९६४ च्या दुरुस्तीनें घालण्यांत आलें. तिचें माप १९६२ च्या नियमावलींतील २-अ या नियमानें ठरे. तीन रकमा काढावयाच्या : प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, दिलेल्या भाड्यांतून वेतनाचा दहावा हिस्सा वजा जातां उरणारी रक्कम, आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत वेतनाचा निम्मा भाग, इतरत्र शेंकडा ४०. या तिहींत जी सर्वांत लहान, तेवढीच करमुक्त. वेतन म्हणजे येथें मूळ पगार, आणि निवृत्तिवेतनादिकांसाठीं धरला जात असल्यास महागाई भत्ता. बाकीचे भत्ते त्यांत येत नाहींत. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या हिशेबास हेंच माप आहे. १ एप्रिल २०२६ पासून अमलांत यावयाच्या २०२५ च्या नव्या कायद्यांत कलमांचे आंकडे बदलले, पण सवलत परिशिष्टांत कायम राखली आहे. (पुण्याच्या वाचकांनीं रागावूं नये, पण वरील चार शहरांत पुणें नव्हतें, औरंगाबाद-करमाडचा तर प्रश्नच नाहीं.)

पुतण्याचा मूळ पगार त्या वर्षीं दरमहा ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. भत्ता दरमहा १६,०००, वर्षाचा १,९२,०००. कागदावरचें भाडें १,८०,०००. त्यांतून वेतनाचा दहावा हिस्सा ४८,००० वजा केल्यावर राहिले १,३२,०००. तिसरी रक्कम, शेंकडा ४० ची, १,९२,०००. सर्वांत लहान १,३२,०००. तेवढी प्राप्ति करांतून सुटली. त्याचा दर शेंकडा वीसचा होता, म्हणून २६,४०० रुपये कर व त्यावरील चार टक्के अधिभार मिळून २७,४५६ रुपये वांचले. घरांत तेव्हां ही रक्कम मोठी वाटली. तिच्यांतून पाण्याची मोटर बदलली.

परंतु त्याच पोटकलमाच्या खालीं एक स्पष्टीकरण आहे, तें आम्हीं वाचलें नव्हतें. करदाता राहतो तें घर त्याच्या स्वतःच्या मालकीचें असेल, किंवा त्यानें प्रत्यक्षांत भाडें दिलेलें नसेल, तर ही सवलत नाहीं. "प्रत्यक्षांत" या एका शब्दांत आमच्या साऱ्या पावत्या बुडाल्या.

आतां, बापास भाडें देणें हेंच बेकायदा आहे असें कोणी समजूं नये. तसें कायद्यांत कोठेंही नाहीं. घर खरोखर बापाच्या, आईच्या किंवा सासूबाईंच्या मालकीचें असावें, मुलगा किंवा सून खरोखर तेथें राहत असावी, भाडें खरोखर दिलें जावें, व घेणारानें तें आपल्या प्राप्तींत दाखवावें, एवढेंच हवें. अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणानें २०१३ सालीं एका गृहस्थांनीं स्वतःच्या पत्नीस दिलेलें भाडेंही मान्य केलें होतें. घर तिच्या नांवाचें होतें आणि व्यवहार कागदोपत्रीं सिद्ध होता. उलट २०१७ सालीं मुंबईच्या न्यायाधिकरणापुढें आलेल्या एका प्रकरणांत आईस रोखीनें भाडें दिल्याचें सांगणाऱ्या एका बाईंचा दावा फेटाळला गेला. त्या घरांत त्या राहत होत्या याचा पुरावा नव्हता, आणि दिलेल्या पैशांचा माग कोठें लागेना. दोन्ही ठिकाणीं नातें घरचेंच होतें. एकीकडे व्यवहार होता, दुसरीकडे नुसता कागद.

म्हणून ज्यांस हें प्रामाणिकपणें करावयाचें आहे त्यांनीं भाडें रोखीनें देऊं नये. दरमहा ठराविक तारखेस बँकेंतून पाठवावें. एक साधा भाडेकरार करावा. वर्षाचें भाडें एक लाखावर जात असेल तर घरमालकाचा पॅन क्रमांक मालकाच्या कचेरीस कळवावा लागतो, हें ठाऊक असावें. आणि बापानें आपल्या विवरणपत्रांत तें भाडें दाखवावें. त्यांतून ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा भरलेला कर, आणि मग उरलेल्या रकमेचे शेंकडा ३० दुरुस्तीपोटीं वजा जातात. राहील त्यावरच कर. बाप निवृत्तिवेतनावर असेल व त्याची एकूण प्राप्ति थोडी असेल, तर त्यास कांहींच द्यावें लागत नाहीं असेंही घडतें. घरांतला पैसा घरांत राहतो, सरकारचेंही कांहीं बुडत नाहीं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातीं महिन्याच्या महिन्यास स्वतःची म्हणावी अशी रक्कम येते. मला स्वतःला ही शेवटची गोष्ट करबचतीहून मोठी वाटते. निवृत्तीनंतर सूनबाईंपाशीं भाजीचे पैसे मागावयाचे कीं नाहीं, या संकोचांत दिवस काढणारे वडील माणसें मीं पाहिलीं आहेत.

आमच्या घरीं मात्र अडचण याहून खोल होती, आणि ती निघाली आयकरांतून नव्हे, नमुना आठमधून.

ग्रामपंचायतींत मिळकतीच्या कर-आकारणीची जी नोंदवही असते ती नमुना ८. तिच्यांत आमच्या घरासमोर अद्याप आमच्या वडिलांचेंच नांव आहे. त्यांस जाऊन बरींच वर्षें झालीं. वारसांची नोंद करावयाची राहून गेली; कोणी भांडत नव्हतें, म्हणून घाई कोणास नव्हती. आणि घर वडिलांनींही बांधलेलें नव्हे. तें पणजोबांपासून चालत आलेलें. येथें एक भेद वाचकांनीं नीट ध्यानीं घ्यावा. वडिलांनीं स्वकष्टानें मिळविलेलें घर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानंतर मृत्युपत्रावांचून मुलांकडे आलें, तर तें ज्याच्या त्याच्या वाट्यापुरतें स्वतंत्र मालकीचें होतें. नातवास त्यांत जन्मतः हक्क नसतो. पण जें खरोखर वडिलोपार्जित, अविभक्त कुटुंबाचें, त्यांत मुलाचा वाटा जन्मापासून असतो. म्हणजे आमचा पुतण्या ज्या घराचें भाडें बापास देत असल्याचा दाखला मीं लिहून दिला, त्या घरांत तो स्वतःच एक हिस्सेदार! हिस्सेदारानें कुटुंबास भाडें दिलें तर सवलत मिळावी कीं नाहीं, यावर जाणते लोक दोन्ही बाजूंनीं बोलतील. माझ्या मतें अशा घराचें भाडें पुढें करणें म्हणजे वादास आपण होऊन बोलावणें होय. निदान दादा एकटे त्या घराचे मालक नव्हते, हें तर निर्विवाद.

ही गोष्ट आम्हांस वकिलानें शिकविली नाहीं. ताईनें शिकविली.

२०२५ च्या जुलैंत पुतण्याच्या फोनवर आयकर विभागाचा संदेश आला कीं, आपल्या जुन्या विवरणपत्रांतील सवलतींचे दावे पुनः तपासून पाहावे. त्याच महिन्याच्या १४ तारखेस विभागानें देशभर सुमारें १५० ठिकाणीं खोट्या वजावटींची तपासणी केली होती, व महाराष्ट्राचें नांव त्यांत होतें. मागील चार महिन्यांत सुमारें ४०,००० करदात्यांनीं आपण होऊन १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे परत घेतले, असेंही त्या वेळीं जाहीर झालें. माग लागतो तो असा : कचेरीस दिलेला दादांचा पॅन क्रमांक कचेरी आपल्या तिमाही पत्रकांतून सरकारास कळविते. तिकडे दादांच्या विवरणपत्रांत निवृत्तिवेतनाखेरीज कांहीं नाहीं. १,८०,००० रुपये मुलाकडून निघाले आणि बापाकडे पोंचलेच नाहींत. पूर्वीं हे दोन कागद दोन निरनिराळ्या कपाटांत पडून राहत. आतां ते एकमेकांशेजारीं येऊन बसतात.

त्यानंतर महिनाभरानें गौरी-गणपतीस ताई जालन्याहून आली. जेवणें झाल्यावर ओसरीवर हाच विषय निघाला. ताई सुपारी कातरीत ऐकत होती. मध्येंच म्हणाली, "म्हणजे आपल्या घराचें महिना पंधरा हजार भाडें येतें? मग माझ्या वाट्याचें कोणाकडे आहे?"

ती हंसत होती. आम्हीही हंसलों, पण आधींचें तें हंसणें नव्हतें. कारण तिचा प्रश्न कायद्यास धरून होता. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनें मुलीसही वडिलोपार्जित मिळकतींत मुलासारखाच जन्मसिद्ध वाटा मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, त्या दिवशीं बाप हयात असो वा नसो, हा हक्क आहेच असा निकाल दिला. ताईनें कधीं कांहीं मागितलें नाहीं. पण जो कागद आम्हीं कर चुकविण्यासाठीं म्हणून केला, तो उद्यां वाटणीच्या वेळीं कोणी पुढें केला तर काय वाचावें? "सदर घराचे मालक" म्हणून एकट्या दादांचें नांव, त्याखालीं त्यांची सही, आणि मजकूर धाकट्या भावाच्या हातचा. बहिणीचें नांव कोठेंच नाहीं. आम्हां दोघां भावांच्या मनांत तसें कांहीं नव्हतें, हें मी शपथेवर सांगेन. परंतु पावतींतलें अक्षर मनांतलें सांगत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ताई निघतांना दादांनीं तिला बसपर्यंत पोंचविलें व परत आल्यावर बराच वेळ ते ढेळजेंत बसून होते. वहिनींनीं त्यांस चहा नेऊन दिला. बोलल्या कांहीं नाहींत.

पुढचें काम रुक्ष आहे, पण तें ज्यांस लागू पडेल त्यांच्यासाठीं लिहितों. चूक आपण होऊन दुरुस्त करण्याकरितां अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. १ एप्रिल २०२५ पासून तिची मुदत संबंधित कर-आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढली. जितका उशीर तितका भुर्दंड : पहिल्या वर्षांत कर व व्याज यांवर आणखी शेंकडा २५, दुसऱ्यांत ५०, तिसऱ्यांत ६०, चौथ्यांत ७०. आमचें प्रकरण दुसऱ्या वर्षांत बसत होतें. सप्टेंबरांत विवरणपत्र भरलें तेव्हां २७,४५६ रुपयांचा कर, अडीच वर्षांचें व्याज, आणि त्या दोहोंचा निम्मा भाग मिळून रक्कम साडेपंचावन्न हजारांच्या घरांत गेली. वांचविले त्याच्या दुप्पट दिले. यापेक्षां विभागानें स्वतः प्रकरण काढून तें जाणूनबुजून खोटें दाखविलें असें ठरविलें असतें, तर बुडालेल्या कराच्या दुप्पट दंड, मूळ कर व व्याज वेगळें, म्हणजे नव्वद हजारांपलीकडे मजल जाती. पुतण्यानें पैसे आपल्या शिलकेंतून भरले. मीं अर्धे देऊं केले, तो म्हणाला, "काका, पावत्या मीं मागितल्या होत्या." दादा म्हणाले, "सह्या माझ्या आहेत." शेवटीं तिघांनीं वांटून घेतले. पाण्याची मोटर मध्यंतरीं पुनः जळली, तो हिशेब निराळा.

यांतली खरी गंमत पुढेंच आहे. २०२३-२४ पासून करआकारणीची नवी पद्धत हीच मूळ धरली जाऊं लागली. जुनी हवी असेल त्यानें तसें सांगावयाचें. नव्या पद्धतींत घरभाडें भत्त्याची सवलतच नाहीं. पण दर इतके उतरले कीं, २०२५-२६ या वर्षासाठीं पगारदारास ७५,००० रुपयांची ठराविक वजावट जाऊन बारा लाखांपर्यंतच्या प्राप्तीवर कांहींच कर पडत नाहीं. पुतण्याचें वेतन आतां १०,८०,००० आहे, वजावटीनंतर १०,०५,०००. कर शून्य. पावती नको, तिकीट नको, माझें वळणदार अक्षरही नको. तरीही त्याच्या कचेरींतील कित्येकजण दर जानेवारींत जुन्या संवयीनें पावत्या जमवीत असतात असें तो सांगतो. तेव्हां पावतीपुस्तक हातीं धरण्यापूर्वीं दोन्ही पद्धतींनीं कर काढून पाहावा. ज्यांचें वेतन बरेंच मोठें आहे, घरभाडेंही मोठें आहे, आणि गृहकर्जाचें व्याज व इतर वजावटी पुष्कळ आहेत, अशांनाच बहुधा जुनी पद्धत लाभेल.

या संबंधांत दोन पत्रांचीं उत्तरें येथेंच देतों.

करमाडच्या आसपासच्या एका शाळेंत शिकविणाऱ्या भगिनी लिहितात कीं, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून त्यांस ७५,००० रुपये पडतात, गांवांत खोली घेऊन त्या महिना ५,००० भाडें खरोखर देतात, तरी कचेरी सवलत देत नाहीं; हा अन्याय नव्हे काय? अन्याय असेल, पण कचेरीचा नव्हे. वेतनाचा दहावा हिस्सा ७,५००. भाडें त्याहून कमी. वजाबाकी करतां कांहीं उरतच नाहीं, म्हणून सवलत शून्य. हा नियम शहरांतील भाडीं डोळ्यांपुढें ठेवून केलेला आहे. खेड्यांत राहून खरें भाडें भरणाऱ्यास तो बहुधा कांहींच देत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनीं २०२२ च्या ऑगस्टांत विधिमंडळांत, शिक्षक मुख्यालयीं न राहतां घरभाडें भत्ता घेतात, असा प्रश्न उपस्थित केला, आणि सप्टेंबरांत औरंगाबादेंत शिक्षकांचा मोठा मोर्चा निघाला. त्या वादांत कोणाची बाजू किती खरी हें मी येथें सांगत बसत नाहीं. पण भत्ता मिळण्याची अट आणि भत्त्यावरील कर सुटण्याची अट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या गलबल्यांत पुष्कळांच्या ध्यानांतून गेलें. मुख्यालयीं राहणाऱ्या या बाईंना भत्ता पूर्ण हक्काचा आहे. कर मात्र त्यावर पडेल. त्यांनींही नव्या पद्धतीनें हिशेब करून पाहावा. बहुधा प्रश्न उरणार नाहीं.

दुसरें पत्र परभणीच्या एका गृहस्थांचें. त्यांची कन्या पुण्यास दोन मैत्रिणींबरोबर सदनिका घेऊन राहते; करार एकीच्याच नांवें आहे, तर बाकीच्या दोघींस सवलत मिळेल काय? करारांत तिघींचीं नांवें घालून घ्यावीं, आणि प्रत्येकीनें आपला हिस्सा आपल्या खात्यांतून परस्पर मालकास द्यावा, म्हणजे तंटा राहत नाहीं. जिनें जेवढें दिलें तेवढ्याचीच सवलत तिला. त्यांच्या कन्येचा मूळ पगार ४५,०००, भत्ता १८,००० आणि भाड्याचा हिस्सा १४,००० आहे, असें ते कळवितात. तेव्हां जुन्या पद्धतीनें २०२५-२६ सालीं महिना ९,५०० रुपये करमुक्त होतील. गांवीं वडिलांचें घर आहे म्हणून मुलीची सवलत जाते काय, असेंही त्यांनीं विचारलें आहे. नाहीं जात. ज्या घरांत ती राहते तें तिचें नसलें म्हणजे झालें. इतकेंच काय, दुसऱ्या गांवीं कर्ज काढून स्वतःचें घर घेतलें व नोकरीच्या गांवीं भाड्यानें राहिलें, तरी जुन्या पद्धतींत दोन्ही सवलती मिळूं शकतात.

आमच्या घरीं आतां पावत्या बंद आहेत. ऑक्टोबरपासून पुतण्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेस वहिनींच्या खात्यांत कांहीं रक्कम पाठवितो. दादांनीं मला हळूच विचारलें कीं, यावर तर कर नाहीं ना? मुलानें आईबापांस दिलेल्या पैशांवर त्यांस कर लागत नाहीं; ते जवळच्या नातलगाकडून आलेले धरले जातात. वहिनींनीं आपल्या वहींत त्यास "भाडें" म्हटलेलें नाहीं. "घरखर्चास, चिरंजीवांकडून" असें लिहिलें आहे.

नमुना ८ वर वारसांची नोंद व्हावी म्हणून ग्रामपंचायतींत अर्ज तयार केला आहे. दादांची, माझी व ताईची अशीं तीन नांवें त्यांत घातलीं आहेत. मजकूर याही वेळीं मींच लिहिला, दादांनीं तो या खेपेस वर्तमानपत्र बाजूला ठेवून दोनदां वाचला. ताईची सही तेवढी राहिली आहे. संक्रांतीनंतर ती येईल, तेव्हां घेऊं.